सुरय शांत आहे

१७ सप्टेंबर, बुधवार

पाऊस ८७.४ मिमी. या मोसमातला सगळ्यात मोठा आकडा. अरबी समुद्रात काहीतरी फिरतंय म्हणून टीव्हीवाले चार दिवस ओरडत होते, मी लक्ष दिलं नव्हतं. समुद्र कुठे, मराठवाड्यातली आमची छावणी कुठे. पण रात्री वारा असा सुटला की शेजारच्या गोजरबाईंच्या न्हाणीचा पत्रा उडून आमच्या दारात येऊन पडला.

आठला दोन मिनिटं कमी असताना गच्चीवर गेलो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सकाळी आठला पर्जन्यमापक बघायची सवय सुटत नाही. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं हेच केलं. आठ म्हणजे आठ. सात अठ्ठावन्न नाही आणि आठ दोनही नाही. निवृत्तीला खात्याने घड्याळ दिलं, आणि मी स्वतःच्या पैशाने असाच एक मापक आणून गच्चीवर बसवला. बायको, कडू, म्हणाली होती, आता तरी सोडा. सोडून करायचं काय, ते काही तिने सांगितलं नाही.

मापकाच्या आडोशाला एक पक्षी बसला होता. वरून काळाकुट्ट, खालून पांढरा, कपाळावर पांढरा पट्टा, शेपूट मधून दुभंगलेलं. कावळा नाही, कबुतर नाही, टिटवी तर नाहीच. चौसष्ट वर्षांत असला पक्षी पाहिला नव्हता. टॉवेल टाकून धरला तर असा किंचाळला की खालून मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला निघालेली माणसं वर बघायला लागली. आणि माझ्या अंगठ्याचा लचका तोडला. पहिल्यांदा आकडा लिहिला, मग अंगठ्याला हळद लावली.

पक्ष्याला मागच्या खोलीत ठेवलं आहे. ती खोली रिकामीच असते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या भूषणला मुलगी झाली तेव्हा कडू दोन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेली. तेरा महिने झाले. परवा फोनवर विचारलं, दसऱ्याला येतेस ना? धम्मचक्र दिनाला आम्ही दोघं दरवर्षी लेणीवर जातो. ती म्हणाली, "बघू." म्हणजे येणार. स्वयंपाकघराला रंग देऊन घेतला आहे. तिला सांगितलेलं नाही, आल्यावर बघेल.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस २१.० मिमी.

पक्ष्याला भात दिला, नाही. भाकरी कुस्करून दिली, नाही. शेंगदाणे, नाही. रात्रभर किंचाळत होता. सकाळी गोजरबाई तक्रार घेऊन आल्या आणि तक्रार विसरून पक्षीच बघत बसल्या. या बाई चाळीस वर्षं छावणीच्या गुरुवार बाजारात सुकट-बोंबील विकतात आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत असतं.

"बन्सीभाऊ, ह्यो काय कावळा हाय व्हय भाकर खायला? मासं खाणारं पाखरू हाय हे."

"तुम्हाला कसं कळालं?"

"तुमी आभाळाकडं बघता, मी चोचीकडं बघते."

दुपारी त्यांनीच बाजारातून बोटभर लांबीचे मासे आणून दिले. पैसे घेतले नाहीत. पक्ष्याने मासेही घेतले नाहीत, पण निदान त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं. मी मासा चोचीजवळ नेला तर मासा सोडून माझी करंगळी धरली. भांडखोर आहे.

संध्याकाळी कडूला फोन केला. म्हटलं, काल सत्त्याऐंशी मिमी झाला. ती म्हणाली, हं. म्हटलं, आज एकवीस. ती म्हणाली, बरं. पक्ष्याचं सांगितलं. म्हणाली, "व्हय का. जेवलात का?" जेवलो म्हटलं. मग आमची नात मैत्री रडायला लागली म्हणून तिने फोन ठेवला. एक मिनिट चाळीस सेकंद. फोन चांगला झाला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस ४.६ मिमी.

आज डोकं चाललं. वादळाने आणलेला, मासे खाणारा, म्हणजे समुद्राचा असणार. समुद्राच्या पक्ष्याला कोरड्या फरशीवर ठेवलं तर तो किंचाळणार नाही तर काय करणार! मोबाइलवर पाहिलं, समुद्राच्या एक लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ असतं. धुण्याच्या टबात मोजून वीस लिटर पाणी घातलं आणि काट्यावर सातशे ग्रॅम मीठ तोललं. एक ग्रॅम इकडे तिकडे नाही. खडा न खडा विरघळेपर्यंत ढवळलं.

गोजरबाई दारातून बघत होत्या. "लोनचं घालताय का पाखराचं?"

अर्धवट माहितीवर हसणाऱ्याला काय सांगायचं. पक्ष्याला पाण्यात सोडलं. आधी पंख आपटले, मला नखशिखांत भिजवलं, मग तासभर त्यातच बसून राहिला. घरी आल्यासारखं वाटलं असेल बिचाऱ्याला. रोज सकाळ-संध्याकाळ तासभर ठेवायचं ठरवलं आहे.

मागच्या खोलीत दुसरं कुणी श्वास घेतंय, हे रात्री दाराबाहेरून जाताना कळतं. बरं वाटतं. हे असं कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

२१ सप्टेंबर, रविवार

पाऊस ०.

पक्षी शांत आहे. कालपासून किंचाळणं कमी झालं होतं, आज पूर्ण बंद. दुपारी हात पुढे केला तर चावला नाही. उचलून तळहातावर घेतला तर बसून राहिला, डोळे अर्धे मिटून. मी पाठीवरून बोट फिरवलं. पाच दिवसांत माणसाळला!

पक्षी काय, माणूस काय, वेळ द्यावा लागतो. कडू लग्न होऊन आली तेव्हा पहिली तीन-चार वर्षं किती भांडायची. माहेरी जायचं म्हणून भांडण, गच्चीवर बाज टाकायची म्हणून भांडण, रविवारी सिनेमाला जायचं म्हणून भांडण. मी कधी आवाज चढवला नाही. माझी आठची वेळ सांभाळ, बाकी तुझं तू बघ, एवढंच सांगायचो. हळूहळू शांत झाली. पुढे तीस वर्षांत आमच्या घरात वर गेलेला आवाज कुणी ऐकला नाही. खात्यातले लोक बायकोशी भांडून आले की आमचं उदाहरण द्यायचे.

तिच्या आधीची दोन भावंडं दगावली म्हणून हिला तरी दृष्ट लागू नये, या विचाराने आईने तिचं नाव कडूबाई ठेवलं. नावात काय असतं. इतकं गोड माणूस मी पाहिलं नाही.

मासा खाल्ला नाही. पण चोच उघडून आत सरकवला तर विरोधही केला नाही. अर्धा पोटात गेला असावा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पाऊस १२.२ मिमी.

भूषणचा फोन. आधी इकडच्या पुराची चौकशी, मग मैत्री चालायला लागल्याचं कौतुक. बोलता बोलता म्हणाला, "आई नसती तर आमचं अवघड होतं, पप्पा. परवा मैत्रीला ताप होता, मोनिका आणि मी दोघं हापिसात. आईनंच तिला स्कूटरवर डॉक्टरकडं नेलं."

"कुणाच्या स्कूटरवर?"

"मोनिकाच्या. आईला येते की आता चालवायला. मोनिकानं शिकवली. तुम्हाला नाय सांगितलं?"

सांगितलं असेल, मी विसरलो असेन, असं म्हणालो. सांगितलेलं नाही. मी तेरा महिन्यांच्या नोंदी चाळल्या.

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला पुण्याच्या रहदारीत स्कूटरवर पिटाळतात! आता कळलं तिला यायला सवड का होत नाही ते. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नसेल. पहिल्यापासून असंच आहे तिचं, सहन करते, बोलत नाही. दसऱ्याला आली की परत पाठवायची नाही, हे पक्कं. तिला यातलं काही विचारलं नाही, उगाच तिच्या जिवाला घोर.

पक्षी शांत आहे. टबात ठेवला की आता पंखही आपटत नाही. पिसं मात्र सुकायला फार वेळ लागतोय, काल रात्री थरथरत होता, म्हणून कडूची जुनी शाल पांघरली. फोटो काढून निवृत्तांच्या ग्रुपवर टाकला. "आमचे नवे पाहुणे" असं लिहिलं. पन्नास जणांत एकट्या विश्वजीतने विचारलं, साहेब, हा कुठला पक्षी? तो माझ्या हाताखाली कनिष्ठ अभियंता होता. तेव्हाही प्रश्न फार विचारायचा. त्याच्या ओळखीची एक मुलगी विद्यापीठात पक्ष्यांवर पीएचडी करते म्हणे, तिला फोटो पाठवतो म्हणाला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस ३३.८ मिमी.

ती मुलगी आज आली. श्रेया नाव. पायात चिखलाचे बूट, पाठीवर पोतंभर सामान. फोटो पाहिल्याबरोबर पैठणहून निघाली होती. पाणीसुद्धा न पिता मागच्या खोलीत गेली आणि टब बघून थांबली.

"काका, ह्या पाण्यात ठेवत होतात त्याला?"

मी अभिमानाने सांगितलं, लिटरला पस्तीस ग्रॅम. समुद्राचा पक्षी आहे ना.

"समुद्रावरचा हाय, काका. समुद्रातला नाय. हा पाण्यावर बसतच नाय. ह्याची पिसं भिजतात, भिजला की बुडतो. म्हणून वर्षानुवर्षं उडत राहतो, झोपतो पण उडता उडता. जमिनीला पाय लावतो ते फक्त अंडी घालायला."

सुरय म्हणतात याला. सुरय पुष्कळ जातींचे असतात, हा काजळासारखा काळा, उष्ण समुद्रांवरचा. तिकडे लक्षद्वीपच्या बेटांवर वगैरे. तिथून वर, उत्तरेच्या किनाऱ्यांकडे तो फिरकतच नाही. चुकूनमाकून एखादा मुंबईकडे दिसला तरी लोक दुर्बिणी घेऊन धावतात, असं ती म्हणाली. आणि हा सह्याद्री ओलांडून छावणीत आला. वादळात सापडला की वाऱ्याच्या विरुद्ध जाता येत नाही, वारा नेईल तिकडे जायचं, आणि खाली बघावं तर नुसती जमीन. समुद्राचा पत्ता नाही, खायला मासा नाही, आणि आपल्या जातीचा आवाज नाही.

मला त्या मुलीवर छाप पाडायची होती. म्हणालो, "पण आता बघ कसा माणसाळलाय. आला तेव्हा बोटांचे लचके तोडत होता, किंचाळून घर डोक्यावर घेत होता. आता हातावर बसतो."

तिने पक्ष्याला छोट्या काट्यावर ठेवलं. एकशे बारा ग्रॅम. दीडशेच्या वर पाहिजे होता.

"माणसाळला नाय तो, काका. ताकद संपली त्याची. रानातलं पाखरू हातात गप बसलं की समजायचं, भांडायचं बळ उरलेलं नाय. कधीपासून असा हाय?"

"रविवारपासून."

"तेव्हाच कुणाला तरी फोन करायला पाहिजे होता," ती म्हणाली. रागावून नाही, हळूच म्हणाली. रागावली असती तर मी चार शब्द बोललो असतो.

तिने वन खात्याला फोन केला, नळीने औषधाचं पाणी पाजलं, खोक्यात फडकी अंथरून वर दिवा लावला. हलवला तर वाटेतच जाईल म्हणाली. उद्या सकाळी येते म्हणाली. टब मी स्वतः मोरीत ओतला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस ७.०

आठला गच्चीवर गेलो तेव्हा त्याने डोळे उघडले होते. दहा मिनिटांनी खाली आलो तेव्हा गेला होता.

श्रेया नऊला आली. खोक्यावरचा दिवा बंद केला आणि कामाला लागली. पंखांची लांबी, चोचीची लांबी. पक्षी विद्यापीठाच्या संग्रहात जाणार आहे. मराठवाड्यात असा मिळाल्याची नोंद महत्त्वाची आहे म्हणाली. एक कागद भरायचा होता. सापडल्याची तारीख, ठिकाण, हवामान. हवामानाचे आकडे मी दशांशापर्यंत दिले, ती खूश झाली. मग वर्तन असा रकाना होता. तिला कुठल्या दिवशी काय केलं ते हवं होतं, म्हणून मी ही वही तिच्यापुढे ठेवली. पक्ष्यापुरतंच वाच म्हटलं.

तिने रविवारची ओळ वाचली आणि पेन थांबवलं.

"काका, 'शांत आहे' असं नाय लिहिता येणार."

"का? शांतच होता."

"ते तुम्हाला वाटलं. आपण 'प्रतिसाद देत नाही' असं लिहू."

तिने तसं लिहिलं. खाली मी सही केली. दारापर्यंत पोचवायला गेलो तर म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या जागी दुसरा असता तर त्याने कुत्र्यांपुढे टाकला असता. गोजरबाई ओट्यावर उभ्या होत्या. दुपारी वाटीभर आमटी आणून ठेवून गेल्या.

घर फार मोठं आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पण फार मोठं आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस

सकाळी गेलो नाही वर.

परवापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पेटी उघडली. जुन्या वह्या आहेत, लग्नाच्या वर्षापासूनच्या. खात्याचं रजिस्टर वेगळं, ही माझी खासगी. रोज आकडा, त्यापुढे घरातलं एखादं वाक्य. मी असा माणूस आहे की जे लिहिलंय ते खरं मानतो.

पहिल्या वह्यांत भांडणं आहेत. "कडू सिनेमावरून रुसली." "कडू माहेरी जायचं म्हणते, पावसाळ्यात कसं जमणार." "कडूने ताट आपटलं." मग ती कमी होत जातात. मग येतं, "कडू शांत आहे." महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग पानापानावर. मी मोजायला लागलो आणि एका वहीपाशी मोजणं सोडून दिलं.

त्या वहीतली ओळ इथे उतरवतो. "१९ सप्टेंबर १९९८. पाऊस ४६.२ मिमी. पहाटे कडूची आई वारली. रीडिंग घेऊन, रजिस्टर ऑफिसात देऊन बिडकीनला गेलो. संध्याकाळी परत. कडू शांत आहे."

'शांत आहे'वर बोट ठेवून त्या जागी श्रेयाचे शब्द वाचून पाहिले. मग मागचं पान, मग पुढचं.

त्या दिवशी काय झालं ते मला आठवत नाही. आकडा आठवतो. शेहेचाळीस पूर्णांक दोन, त्या पंधरवड्यातला सगळ्यात मोठा. तिने कुठलं लुगडं नेसलं होतं, रडली का, बसमध्ये काही बोलली का, काहीच नाही. मला भीती वाटली. एकट्या घरात भरदुपारी असं कधी झालं नव्हतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

कडूचाच फोन आला. ती सहसा करत नाही.

"दसऱ्याला नाय जमायचं मला."

"बरं," मी म्हणालो.

ती थांबली. फोनमध्ये पंख्याचा आवाज येत होता. मी काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली होती, हे आज पहिल्यांदा कळलं. आणि माझ्या तोंडात एकच वाक्य तयार होतं, की तीन दिवस पाऊस मोजलेला नाही. ते मी गिळलं.

"ठेवते," ती म्हणाली.

स्टँडवर जाऊन उद्याच्या पुण्याच्या गाडीचं तिकीट काढून आणलं. गोजरबाईंना किल्ली दिली तर म्हणाल्या, "आनायला चाललात का वहिनीला?" मी म्हणालो, हो. मग म्हणालो, नाही, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मंग आधी ते ठरवा बाबा, गाडीत लई येळ हाय."

२ ऑक्टोबर, गुरुवार. पुणे

काल संध्याकाळी पोचलो. कडूनेच दार उघडलं. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं? कोन गेलं?"

मी न कळवता आलो म्हणजे कुणीतरी मेलं असणार, दुसरं कारण असूच शकत नाही. मी म्हणालो, तो पक्षी गेला. त्यासाठी तुम्ही आलात, असं तिने विचारलं नाही, पण बघत राहिली. मोनिकाने चहा केला. मैत्री माझ्याकडे यायला तयार नव्हती. बरोबर आहे, फोटोतला माणूस.

आज सकाळी सगळे पांढरे कपडे घालून इथल्या विहारात वंदनेला गेलो. कडूला तिथे सगळे ओळखतात. बायका तिला हाका मारत होत्या, ती हसत होती, कुणाची तरी टिंगल करत होती. मी चपलांजवळ उभा होतो. ही बाई मला नवीन होती. स्कूटरवर तिला कुणी पिटाळत नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

चारला मैत्रीला घेऊन ती खाली सोसायटीच्या बागेत निघाली. मी येऊ का विचारलं. बाकावर बसलो. मैत्री घसरगुंडीच्या पायरीशी खेळत होती. गाडीत पाच तास जे जुळवलं होतं त्यातलं काही आठवेना. सरळ विचारलं, "तुझी आई गेली त्या दिवशी काय झालं?"

आधी ती हसली. "आज इचारता? सत्तावीस वर्षांनी?"

"हो."

"सखाराममामा सायकलवर निरोप घेऊन आला. सहा वाजले व्हते. मी पिशवी भरून दारात हुभी. तुमी म्हनला, आठ वाजू दे. रीडिंग घेतो आन निघू. दोन तास दारात हुभी व्हते मी. पाऊस पडत व्हता आन तुमी खुर्चीत बसून घड्याळाकडं बघत व्हता. आठला मोजलं, रजिस्टर लिवलं, हापिसात जाऊन दिऊन आला. बिडकीनच्या पुढं रस्त्यावर पानी आलेलं. लोकांनी पावसात किती वाट बघायची? आपन पोचलो तवा माती झाली व्हती. आईचं तोंड नाय दिसलं मला."

"तू तेव्हा बोलली का नाहीस?"

चुकलं. हा प्रश्न मी विचारायला नको होता, पण विचारला.

"बोलले न्हाई?" ती उठून उभी राहिली. "त्या दारात दोन तास बोलत व्हते मी! पाया पडले तुमच्या! नंतर तीन दिस बोलले. पालथ्या घड्यावर पानी. तुमी म्हनायचे, नियम हाय. मंग म्हनलं, मरू दे. ह्या मानसाला आकड्याबिगर कायबी ऐकू येत नाय."

मग ती थांबली नाही. गच्चीवरची बाज, सिनेमा, भूषणच्या वेळी एकटीने घाटी दवाखान्यात जाणं, जेवताना मी वही उघडून बसणं, रोजचा फोन, मिमी, मिमी, मिमी. तिचा आवाज इतका चढला की खेळणारी पोरं थबकली आणि वॉचमन येऊन विचारून गेला, मावशी, काही प्रॉब्लेम आहे का? ती त्याला म्हणाली, "माझा नवरा हाय, जा तू." मला दोनदा म्हणावंसं वाटलं की खात्याचा नियमच तसा होता, एक दिवस चुकला तर महिन्याची सरासरी बिघडते. दोन्ही वेळा तोंड मिटलं. बागेतले दिवे लागले तरी ती बोलत होती.

मी रडलो. चौसष्टाव्या वर्षी, परक्या बागेत, नातीसमोर. मैत्री जवळ येऊन माझ्या गुडघ्याला हात लावून बघत राहिली. कडूने मला उगी केलं नाही, आणि करायलाही नको होतं.

परत येतेस का, हे विचारायला मी आलो होतो. ते विचारलं नाही. म्हणालो, "मी इथे अधूनमधून येऊ का? तुला चालणार असेल तर. तू सांगशील, मी ऐकेन."

तिने मैत्रीला कडेवर घेतलं, तिच्या पायाची माती झाडली. बराच वेळ झाडत होती. मग म्हणाली, "मला इचार करू द्या."

मी बरं म्हणालो. ती विचार करणार आहे. तिने एवढंच सांगितलं आहे आणि मी एवढंच लिहितो आहे.